तिळगूळ घ्या, खरं बोला

माझी जन्मतारीख १ जून आहे. मी खरोखर कधी जन्मलो हे आज कोणालाच ठाऊक नाही. आई सांगायची, नागपंचमीच्या आगेमागे, आणि बाहेर पाऊस मी म्हणत होता. पण मला शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी एकदा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि "लिहा १ जून" म्हणून प्रश्न निकालात काढला. आमच्या वर्गातली निम्मीअधिक मुलं १ जूनलाच जन्मली होती. त्या दिवशी गावातल्या सुइणींची काय धावपळ उडाली असेल, या विचाराने मी लहानपणी हैराण व्हायचो.

पुढे एस.टी.च्या अर्ध्या तिकिटासाठी माझं वय सलग तीन वर्षं अकरा होतं. "खोटं बोललास तर जीभ झडेल" हेही वडिलांनी मला त्याच एस.टी.त, कंडक्टर पुढच्या बाकाकडे वळल्यावर सांगितलं.

तेव्हा सत्य या विषयावर लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. पण या विषयात मला उतारवयात एक गुरू भेटला. तो आठ फूट दोन इंच उंच आहे, पिवळाधमक आहे, त्याला चोच आहे, आणि त्याचं वय कायम सहा असतं. म्हणजे अर्ध्या तिकिटाच्या बाबतीत तो माझ्याही पुढे गेलेला.

गाठ पडली २०१७ साली, न्यू जर्सीत. मुलगी-जावई आपल्याला अमेरिका दाखवायला बोलावतात असा एक गोड समज आपल्याकडे आहे. वास्तविक चार वर्षांच्या नातवाला अमेरिकेपासून सांभाळायला बोलावलेलं असतं. त्या सहा महिन्यांत मी नायगरा एकदा पाहिला, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा एकदा पाहिला आणि 'सेसमी स्ट्रीट' रोज पाहिला.

सेसमी म्हणजे तीळ. म्हणजे हिशेबाने ही आपली तीळ आळी. अलीबाबाच्या गोष्टीतल्या 'तिळा तिळा दार उघड' वरून हे नाव सुचलेलं. शाळेत जायच्या आधीच्या मुलांना, त्यातही गरीब घरच्या मुलांना, अक्षरं-आकडे शिकवावेत म्हणून जोन गँझ कूनी या बाईंनी आणि लॉइड मॉरिसेट या गृहस्थांनी हा कार्यक्रम काढला. १० नोव्हेंबर १९६९ ला तो सुरू झाला. जिम हेन्सन यांची बाहुली आणि हाडामांसाची माणसं एकाच आळीत शेजारी म्हणून राहतात. कचऱ्याच्या पिंपात एक चिडका ऑस्कर राहतो (प्रत्येक वाड्यात एक असतोच), एक निळा राक्षस दिसेल ते बिस्कीट खातो, आणि तो उंच पिवळा पक्षी, बिग बर्ड, भाबडे प्रश्न विचारत हिंडतो.

गंमत अशी की आधी तज्ज्ञ मंडळींनी बजावलं होतं, बाहुल्या आणि माणसं एकत्र दाखवू नका, पोरांच्या डोक्यात खऱ्याखोट्याचा घोळ होईल. पण नमुन्याचे भाग मुलांना दाखवून पाहिले, तेव्हा नुसती माणसं आली की मुलं खुशाल दुसरीकडे बघायची. ही परीक्षाही मोठी निर्दय. टीव्हीच्या शेजारी एक दुसरा पडदा, त्यावर दर साडेसात सेकंदांना नवं चित्र. मूल टीव्ही सोडून तिकडे बघू लागलं की कार्यक्रम नापास. (आमच्या कॉलेजात ही पद्धत असती तर आठवड्याभरात कॉलेजला टाळं लागलं असतं.) शेवटी तज्ज्ञांचं म्हणणं बाजूला ठेवून पक्षी आणि ऑस्कर माणसांच्या आळीत राहायला आले. घोळ कोणाच्याच डोक्यात झाला नाही. बाहुलं बाहुलं आहे हे पोराला पक्कं ठाऊक असतं. बाहुलं हलवणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. दोघांनाही ठाऊक असतं त्याला खोटं म्हणत नाहीत, खेळ म्हणतात. एकालाच ठाऊक असतं ते खोटं. हा फरक मला त्या वेळी नीटसा कळला नव्हता. तो कळायला एक संध्याकाळ जावी लागली.

त्या दिवशी नातू झोपला होता. मी आपला पक्ष्याच्या नकला करून मुलीला हसवत होतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक जुना भाग दाखवते," आणि तिने फोन माझ्यापुढे धरला.

तीळ आळीच्या कोपऱ्यावर मिस्टर हूपर नावाच्या म्हाताऱ्याचं दुकान. पहिल्या भागापासून हा म्हातारा तिथे होता. पक्ष्याला त्याचं नाव कधी धड घेता आलं नाही, 'लूपर' म्हणायचा, आणि म्हातारा दर वेळी वैतागून दुरुस्त करायचा. हे काम करणारे विल ली ७ डिसेंबर १९८२ रोजी वारले. आता करायचं काय? दुसरा नट आणता आला असता. म्हातारा दुकान विकून दूर राहायला गेला असंही सांगता आलं असतं. म्हणजे आपल्या भाषेत, 'गावाला गेला'. मंडळींनी मानसशास्त्रातल्या जाणकारांना विचारलं, खल केला, आणि ठरवलं की खरं तेच सांगायचं. तो भाग २४ नोव्हेंबर १९८३ ला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी मुद्दाम दाखवला. मुलांनी प्रश्न विचारले तर आईबाप घरी असावेत म्हणून.

भागात घडतं एवढंच. पक्ष्याने सगळ्या शेजाऱ्यांची चित्रं काढली आहेत. ज्याची त्याला वाटतो. शेवटी एक उरतं, हूपरचं. ते दुकानात देऊन येतो म्हणतो. शेजारी एकमेकांकडे बघतात. आठवण करून देतात की आम्ही तुला सांगितलं होतं ना, ते वारले. बरं मग, पक्षी म्हणतो, परत आले की देईन. तेव्हा एक बाई उठून त्याच्याजवळ येते आणि सांगते की मेलेली माणसं परत येत नाहीत. पक्षी आधी चिडतो. मग माझं दूध कोण करून देणार, गोष्टी कोण सांगणार, असं विचारतो. ते आम्ही करू, पण ते त्यांच्यासारखं होणार नाही, हेही त्याला सांगतात. असं का व्हावं, या त्याच्या शेवटच्या प्रश्नाला मोठ्या माणसांपाशी उत्तर नसतं, आणि ती तसं कबूल करतात. त्या नटांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. त्यांचाही सहकारी गेला होता.

फोन बंद करून मुलगी म्हणाली, "बाबा, हे १९८३ सालचं. अण्णा आजोबा गेले ते वर्ष."

मी नुसतं "हो" म्हटलं.

आता हे तुम्हाला सांगायलाच हवं. माझे वडील १९८३ च्या पावसाळ्यात पुण्यात इस्पितळात गेले. मुलगी तेव्हा चार वर्षांची, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिला आम्ही मावशीकडे धाडलं. परत आली तेव्हा खाट रिकामी. "अण्णा कुठायत?" तिने विचारलं. आम्ही नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "गावाला गेलेत."

खोट्याचं भाड्याच्या खोलीसारखं असतं. एकदा शिरलं की मागून सामान येतंच. कार्टी कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "काठी विसरले!" गावाला दुसरी आहे, मी म्हणालो. "चष्मा?" तोही दुसरा केलाय. मग तिला फडताळातल्या पेल्यात कवळी दिसली. आता गावाला दुसरी कवळी करून ठेवणारा माणूस अख्ख्या कोकणात झाला नसेल, पण मी तीही करून ठेवली. रोज संध्याकाळी एस.टी.च्या वेळेला पोरगी वाड्याच्या पायरीवर जाऊन बसायला लागली. मग तिने आंतरदेशीय पत्रावर चित्र काढलं, अण्णा, ती आणि मध्ये मांजर, आणि माझ्याकडे टाकायला दिलं. मी ते कचेरीतल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. आणि डाव्या हाताने, थरथरत्या अक्षरात, अण्णांचं उत्तरही लिहिलं. ते पत्र वाचून दाखवताना ती अशी काही हसली की आपण फार पुण्याचं काम केलं असं मला वाटलं. अजून सांगतो, तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

वर्षश्राद्धाला अण्णांचा हार घातलेला फोटो भिंतीवर लागला. तिने पाहिला, काही विचारलं नाही. आम्ही म्हटलं, चला, पोरीला न दुखावता निभावलं.

"शेजारच्या बंड्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं," मुलगी म्हणाली. "म्हणाला, तुझे आजोबा मेले. मी त्याला चावले."

बंड्याच्या दंडावरचे दात मला आठवले. बंड्याच्या आईची माफी मागायला मीच गेलो होतो, आणि पोरीला धपाटाही मीच घातला होता. अख्ख्या वाड्यात तिच्याशी खरं बोललेला एकच इसम, आणि त्याचा तिने चावा घेतला. कारण बाबा खोटं बोलत नाहीत याची तिला खात्री होती.

"आणि फोटो लागल्यावर मला कळलं, गावाला जाणं म्हणजे काय ते."

माझी त्या काळी फिरतीची नोकरी. आज सातारा, उद्या सोलापूर. मी बॅग उचलली की ही पोरगी माझ्या पायांना मिठी मारून आकांत करायची. गावाला नको जाऊ, गावाला नको जाऊ. आम्ही म्हणायचो, एकुलती एक, फार लाडावलीय. कधी गोळी देऊन सोडवायचो, कधी दटावून. तिने हे सगळं अगदी सहज, भांडी आवरता आवरता सांगितलं. चौतीस वर्षांनी. मी बराच वेळ त्या बंद फोनकडे बघत बसलो.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा माणूस करतो तेच मी केलं. मोठमोठ्या लोकांना साक्षीला बोलावलं. जर्मनीतला कांट म्हणून तत्त्वज्ञ, त्याने १७९७ साली लिहून ठेवलंय की दारात खुनी येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारू लागला तरी खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही. थोर माणूस. पण जन्मभर अविवाहित होता. काठी, चष्मा आणि कवळी यांचा हिशेब त्याला कोणी विचारला नाही. मग धर्मराज आठवला. हत्तीच्या आड लपून बोललेलं एकच अर्धसत्य, आणि चार बोटं अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. माझा रथ १ जूनपासूनच जमिनीवर, त्यामुळे मला धक्का जाणवला नसावा.

शेवटी मनू. मनूने म्हणून ठेवलंय, खरं बोलावं, गोड बोलावं, खरं असलं तरी कडू बोलू नये. आपण सगळे इथवर येतो आणि खूश होऊन थांबतो. तो पुढे आणखी एक गोष्ट म्हणतो, ती सोयीस्करपणे विसरतो: गोड असलं तरी खोटं बोलू नये. आमच्या तिळाने आम्हाला 'गोड बोला' एवढंच शिकवलं. या अमेरिकन तिळाने तिसरा चरण पुरा केला.

आणि तो कसा पुरा केला, ते बघण्यासारखं आहे. सत्य म्हणजे पोराच्या डोक्यात दगड घालणं नव्हे. हूपर आजारी होते, म्हातारे होते, इस्पितळात होते, यातलं काहीच त्यांनी सांगितलं नाही. का, तर उद्या आईला पडसं झालं तरी पोर धास्तावेल. मेल्यावर माणूस कुठे जातो, हेही ज्याच्या त्याच्या घरावर सोपवलं. म्हणजे सगळं सांगितलं नाही. पण सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. न सांगणं आणि खोटं सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी सगळं आयुष्य या दोन गोष्टी एकाच पिशवीत घालून हिंडलो.

ही मंडळी चुकलीही. १९९२ साली त्यांनी आईबापांच्या घटस्फोटावर एक भाग तयार केला. भलं मोठं काम, पैसाही गेला. पण आधी काही मुलांना दाखवून पाहिला तर मुलं घाबरली. आईबाबा भांडले की घर मोडतंच, असा अर्थ त्यांनी घेतला. तो भाग मंडळींनी कधीच दाखवला नाही. आमच्यासारख्या रोज भांडणाऱ्या जोडप्यांच्या मुलांवर मोठे उपकारच झाले म्हणायचे. खरं सांगणाऱ्यानेही समोरच्याचा चेहरा बघायचा असतो, एवढा त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट. पक्ष्याचा एक मित्र होता, स्नफी नावाचा, केसाळ हत्तीसारखा अगडबंब प्राणी. तो १९७१ साली आला. गंमत अशी की मोठी माणसं यायच्या क्षणी तो नेमका निघून जायचा, त्यामुळे पक्ष्याचं कोणालाच खरं वाटायचं नाही. चौदा वर्षं हा विनोद चालला. मग कोणाच्या तरी मनात आलं, की मूल काही सांगतंय आणि मोठे हसून सोडून देताहेत, हे आपण मुलांना काय शिकवतो आहोत? उद्या एखाद्या पोराला कोणी खरोखर त्रास दिला, तर ते सांगायला तरी येईल का? १९८५ साली त्यांनी तो हत्ती सगळ्यांसमोर आणून उभा केला, आणि मोठ्यांनी पक्ष्याची माफी मागितली. हे वाचून मला पुन्हा ती माझ्या पायांना पडलेली मिठी आठवली. पोरगी रोज सांगतच होती. आम्हाला तिचा हत्ती दिसला नाही.

त्या पक्ष्याच्या आत कॅरोल स्पिनी नावाचा माणूस असे. एक हात डोक्याच्या वर धरून तो चोच हलवायचा, आणि त्याला बाहेरचं दिसत नसल्यामुळे छातीला एक छोटासा टीव्ही बांधलेला असे. त्यात त्याला स्वतःचा पक्षी दिसायचा, घरातल्या मुलांना दिसतो अगदी तसा. कळसूत्री बाहुल्या आपल्या पिंगुळीलाही आहेत, पण ही युक्ती मला फार मोठी वाटली. मुलांशी बोलताना आपण त्यांना कसे दिसतो हे दाखवणारा एवढासा टीव्ही प्रत्येक बापाच्या छातीला बांधायला हवा. मला कवळीचं स्पष्टीकरण देणारा मी दिसलो असतो, तर निदान ते पत्र तरी लिहिलं नसतं.

परीक्षेची वेळ लवकरच आली. आमची ही आदल्या वर्षी गेली होती. आदल्या वेळी न्यू जर्सीत ती बरोबर होती, आणि तिने नातवाला बेसनाच्या लाडवांची चटक लावून ठेवली होती. एका दुपारी टीव्ही बघता बघता, तोंड तिकडेच ठेवून, त्याने विचारलं, "आजोबा, आजी नेक्स्ट टाइम येणार?"

घरात मी एकटा. जीभ सवयीने वळलीच होती. 'गावाला' हा शब्द ओठांपर्यंत आला होता.

"नाही रे," मी म्हणालो. "आजी वारली. आता येणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

त्याने टीव्हीवरून नजर काढली. साडेसात सेकंद नक्की गेले असतील. "मग लाडू कोण करणार?"

"तुझी आई करेल. मीही करून बघेन. पण आजीसारखे नाही व्हायचे."

"व्हाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग उठून आपला लाल एल्मो घेऊन आला, माझ्या मांडीत कोंबला, आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड करून बसला. मी हिच्या मृत्यूनंतर इतक्या लोकांना इतकं काही सांगितलं होतं: सुटली बिचारी, सोनं झालं, वगैरे. आता ती येणार नाही, हे साधं वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. दुसऱ्या दिवशी लाडू केले. ते हातोडीने फोडावे लागले. नातवाने एक खाल्ला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "आजीसारखे नाहीत." शिक्षण फळाला आलं.

परत निघायची वेळ झाली. बॅगा दारात. मुलीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आजोबा आता गावाला चाललेत हं, टाटा कर." आणि ती एकदम थांबली. माझ्याकडे बघू लागली. मीही तिच्याकडे.

नातवाने मध्येच विचारलं, "खऱ्या गावाला?"

"खऱ्याच," मी म्हणालो. "पुण्याला. हे बघ तिकीट. हा बघ पासपोर्ट." आणि आयुष्यात प्रथमच कोणी न मागता सगळे कागद मी त्याच्यापुढे पसरले. त्याने पासपोर्टवरचा माझा फोटो पाहिला, आणि नुकत्याच ओळखीच्या झालेल्या आकड्यांवरून बोट फिरवत एक-एक आकडा मोठ्याने वाचला. मुलीने त्याला अर्थ सांगितला. तो आनंदाने ओरडला, "आजोबा, तुझा बर्थडे फर्स्ट जूनला असतो?"

खाली गाडी उभी होती. जावई हॉर्न वाजवत होते. विमान चुकण्याची वेळ आली होती.

मी बॅग खाली ठेवली. म्हटलं, "बस इथे. त्याचं असं आहे..."